मांडीवरचा शड्डू

फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्या शेजारी एक पैलवान असतो. कुस्तीत आपटून त्याच्या खांद्याचा सांधा निखळला, स्कूटरवरून पडून माझाही. दोघांचंही हाड डॉक्टरांनी ऑपरेशन करून जागेवर बांधलंय. हात वर जावा म्हणून भिंतीवरच्या छोट्या लाकडी शिडीवर आम्ही रोज एकेक पायरी बोटं चढवतो.

काल त्याचं बोट शेवटच्या पायरीला टेकलं. आनंदाच्या भरात त्याने दुखऱ्या दंडावरच शड्डू ठोकला आणि "आई गं!" म्हणत मटकन खाली बसला.

"पैलवान, शड्डू सध्या मांडीवर!" फिजिओथेरपीच्या बाई ओरडल्या. तो कळवळत हसत होता.

हाड बांधता येतं, पण आनंद झाला की हात आपल्या जुन्या जागी जातोच.

मग माझं बोट पहिल्यांदाच पाचव्या पायरीवर पोचलं. जन्मात आखाडा न पाहिलेल्या मी इकडेतिकडे बघितलं आणि मांडीवर सणसणीत थाप मारली.