परबांच्या पासावर साहेबांची सही

श्री. मोरेश्वर धैर्यवान, म्हणजे आम्हां सगळ्यांचे साहेब, यांना मी पहिल्यांदा भेटलो तो नोकरी मागायला. बॅलार्ड पिअरच्या आमच्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मॅनेजर या नात्यानं माणसं तेच निवडत. माझा अर्ज वाचून म्हणाले, "बी. ए. आहात. गोष्टीही लिहिता म्हणे?"

मी जरा फुशारून हो म्हटलं.

"इथे परदेशातून आलेल्या मालाचं वर्णन लिहायचं असतं. विशेषणं घरी ठेवून या."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. या लेखातही विशेषणं कमीच सापडतील. साहेबांना तसंच आवडेल.

आमच्या धंद्याचं सार एवढंच: पेटीत काय आहे ते कस्टम्सला खरं सांगायचं. चुकलं तर दंड, लपवलं तर लायसन्स जातं. म्हणून साहेब उमेदवाराला मुद्दाम अवघड प्रश्न घालत. ठोकून देणारा गेला. "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणणाऱ्याला चहा यायचा. चहा आला म्हणजे नोकरी लागली, हे शिपायालाही ठाऊक होतं.

निवडलेल्या माणसाला ते वाऱ्यावर सोडत नसत. रविवारी सकाळी गिरगावातल्या घरी नवख्यांना जकातीची कलमं शिकवत. वहिनी पोटभर खायला घालत आणि साहेबांनाच दटावत, "आधी खाऊ दे त्यांना. कलमं पळून जात नाहीत!"

पण साहेब मला खरे कळले ते परबांमुळे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. साहेब स्वतः कधी मोर्च्यात गेले नाहीत. उलट बंद आला की कुरकुरत, "जहाजं कुणासाठी थांबतात का?" तेव्हा आम्हाला बाँडच्या गोदामासाठी जाणकार माणूस हवा होता. जकात भरेपर्यंत माल कस्टम्सच्या कुलपात राहतो, तेच हे गोदाम. काळाचौकीचे परब आले. वडील आजारपणानं गिरणीतून घरी बसलेले, सगळं घर यांच्यावर. साहेबांच्या प्रश्नांतून ते पार पडले. चहा आला.

इतक्यात आमचे शेठ सहज म्हणाले, "आधीची नोकरी का सोडली?"

परबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "सोडली नाही. सत्याग्रहात पकडला गेलो, तुरुंगात होतो. म्हणून काढलं."

शेठ वाईट नव्हते, घाबरलेले होते. "मोरूभाई, माणूस चांगला, पण डॉकमध्ये जायचा पास पोलीस चौकशीशिवाय मिळत नाय. नको ही झंझट."

परब उठलेच. घरी आई वाट बघत होती. बाहेर मला म्हणाले, "चाय तरी पुरी पिऊक व्हयी होती. आता आवशीक काय सांगू?"

दार उघडंच होतं. आत साहेबांचा आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. "शेठ, आपण विचारलं, पेटीत काय आहे. लपवलं असतं तर आत्ता नोकरी मिळाली असती. तरी खरं सांगितलं. गोदामाची किल्ली आणखी कुणाला द्यायची?"

"आणि पास नाकारला तर?"

"जामीन मी राहतो."

"त्यानं कायबी केलं तर तुमचाबी पास जाणार. समजतंय ना?"

"समजतंय म्हणूनच म्हणतोय."

परबांना साहेबांनी स्वतः आत बोलावलं. चहा गार झाला होता, दुसरा आला. मग पासाची वाट बघणं. कस्टम हाउसात साहेब स्वतः खेटे घालत राहिले, आणि पास मिळाला तो फक्त एका वर्षाचा. दर वर्षी नवा करायचा, दर वर्षी जामिनाची सही.

आता साहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली, ते निवृत्त झाले. यंदा परब धास्तावूनच गिरगावात गेले. खुर्ची गेल्यावर जामीन चालेल का, आणि साहेबांनी तरी हे का ओढवून घ्यावं?

"निवृत्त मॅनेजर झालाय," साहेब म्हणाले, "धैर्यवान नाही. आणा तो कागद इकडे."

कस्टम्सच्या कारकुनाला परबांनी विचारून घेतलं, हा जामीन कुठपर्यंत चालेल? तो म्हणाला, "ते हयात आहेत तोवर."

परब जेमतेम तिशीचे. त्यांच्या निवृत्तीपर्यंत साहेबांना नव्वदीच्या घरात जावं लागेल. आम्ही ऑफिसातले सगळे मनापासून म्हणतो, साहेबांनी तब्येत जपावी, वहिनींचं ऐकावं आणि भरपूर जगावं. असं म्हणायची रीतच आहे, असं मी परबांना म्हटलं.

"तुमची रीत असेल," परब म्हणाले. "माझी गरज आहे."