सिस्टरच्या दाराची किल्ली

किल्लीकाका भित्रे नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोकांची अडकलेली दारं उघडून देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला भिऊन चालतच नाही. दाराआड कधी गॅस सुरू राहिलेला असतो, कधी तापाने फणफणलेलं मूल एकटंच झोपलेलं असतं. एकदा तर आत चार दिवसांपूर्वीच संपलेला म्हातारा निघाला होता. ती सगळी दारं काकांनी हात थरथरू न देता उघडली होती. पण त्या मंगळवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना, सुनेच्या फोनकडे बघून त्यांची पाचावर धारण बसली.

काकांची टपरी दवाखान्याच्या भिंतीला लागून होती. एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील, एवढीच जागा. आत किल्ली कापायचं मशीन, कानशी, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक स्टूल, ज्याचा एक पाय कायम कागदाच्या घडीवर. पूर्वी काका कुठे गेलेले असले की लोक शटरच्या फटीत चिठ्ठी खोचून जायचे. ‘कुलूप अडकलंय, लवकर या,’ एवढंच लिहिलेलं. कोण, कुठे राहतो, काही पत्ता नाही. काका अक्षर ओळखून बरोबर त्या घरी जायचे.

वडिलांनी धंद्याला लावताना त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. किल्ली कापताना रस्त्याकडे पाठ करायची. आणि किल्ली कुणाची व दार कुठलं, या दोन गोष्टी एका वेळी तोंडातून निघू द्यायच्या नाहीत. काकांनी हे इतकं पाळलं की बायको थट्टेने म्हणायची, यांना स्वतःच्या घराचा पत्ता विचारला तरी आधी इकडेतिकडे बघतील.

मग घरात सून आली. मुलगा जहाजावर कामाला, वर्षातून दोनदा घरी. त्यामुळे घरात काका, काकू आणि ही पोरगी. स्वभावाने लाघवी, बोलायला चुरचुरीत, आणि फोन म्हणजे तिचा तिसरा हातच. तिने पहिल्याच महिन्यात टपरी फोनवरच्या नकाशावर टाकली. कधी तोंड न पाहिलेले लोक फोन करू लागले. बंद दारासमोर उभं राहून कुलपाचा फोटो पाठवायचे आणि विचारायचे, काका, उघडेल का? काकांनी आधी नाकं मुरडली, पण धंदा वाढला तशी त्यांनाही चटक लागली. खोटं कशाला बोला, आवडायला लागलं त्यांना.

गेल्या महिन्यात तर कमालच झाली. परगावचा एक माणूस गाडीची किल्ली हरवून टपरीवर आला, अगदी रडकुंडीला आलेला. दुसरी किल्ली घरी बायकोजवळ, आणि घर दिवसभराच्या अंतरावर. काकांनी गाडीची कागदपत्रं बघितली, बायकोशी बोलले आणि म्हणाले, तुमच्याकडच्या किल्लीचा एक स्वच्छ फोटो पाठवा. फोटो बघून त्यांनी कोऱ्या किल्लीवर एकेक दात घासला. तिसऱ्या खेपेला दार उघडलं. तो माणूस पायाच पडायला लागला. पुढचे आठ दिवस काका ही गोष्ट ज्याला त्याला सांगत होते आणि काकू कंटाळून उठून जात होत्या.

त्याच भरात व्हिडिओचं ठरलं. सून म्हणाली, बाबा, तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी टिपते, फक्त बोलत राहा. काका बोलले. त्यांच्या लेखी समोर सून उभी होती, दुसरं कोणीही नव्हतं. आणि त्या वेळी हातात नेमकी सिस्टरची किल्ली होती.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई, आता निवृत्त झालेल्या. काकांचा मुलगा जन्माला आला तेव्हा त्याला पहिल्यांदा हातात घेतलं ते या बाईंनी. दुसरी कोणाची किल्ली असती तर काका बोलले नसते. पण आपल्या माणसाबद्दल आपल्या सुनेशी बोलताना कोण जिभेला गाठ मारतं?

‘ही आपल्या सिस्टरची किल्ली बरं का,’ व्हिडिओतले काका मजेत सांगत होते. ‘दवाखान्यामागच्या गल्लीतलं शेवटचं घर, हिरवं दार. बाई एकट्या असतात, गुडघे दुखतात, म्हणून एक किल्ली शेजारी ठेवायची म्हणतात.’ आणि सुनेला नीट दिसावी म्हणून त्यांनी ती किल्ली तळहातावर घेऊन उजेडात धरली होती.

आठ दिवसांत तो व्हिडिओ एक्केचाळीस हजार लोकांनी पाहिला. काका स्वतः तो धड पाहत नव्हते. सुरुवातीला आपला चेहरा दिसला की खूश व्हायचे आणि शर्टाची कॉलर वाकडी आहे यावरून काकूंशी वाद घालायचे. रस्त्यावर लोक हात करायचे, तेवढ्याने पोट भरायचं.

तर त्या मंगळवारी सून लोकांचे अभिप्राय वाचून दाखवत होती. कुणी म्हणालं काय हात आहे, कुणी म्हणालं अशी माणसं आता राहिली नाहीत. मग तिने एक वाचला. ‘काका, किल्ली दुसऱ्या बाजूनेही दाखवा ना, जरा जवळून.’

‘मी दाखवली की,’ ती कौतुकाने म्हणाली. ‘पाच दिवसांपूर्वीच टाकली. माझ्याकडे होता तो तुकडा.’

काकांनी कप खाली ठेवला आणि फोन मागितला. चष्मा लावला. सिस्टरची किल्ली पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली होती, तिच्याशेजारी त्यांचाच अंगठा, मापाला ठेवल्यासारखा. दोन दात खोल, एक उथळ, एक मधला, पुन्हा एक खोल. न्याहारी आटपायच्या आत त्यांनी ती किल्ली कापून दिली असती. त्यांना जमतं ते इतरांना जमतंच. कोऱ्या किल्ल्या बाजारात मिळतात आणि कानस कुणीही विकत घेतं.

कोणी मागितलं हे, त्यांनी विचारलं. सुनेने त्या नावावर बोट ठेवलं. नाव म्हणजे एक अर्धवट शब्द आणि पुढे आकडे. फोटो नाही, माहिती नाही, एकही ओळखीचा माणूस नाही. तिने खालीवर बरंच शोधलं. तिथे कोणी नव्हतंच. चोर काकांनी पाहिले होते. पकडलेला चोर म्हणजे चार लोकांसारखा घाबरलेला माणूस असतो. पण ज्याला तोंडच नाही त्याला ओळखायचं कसं?

सुनेला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला, आणि झाला तशी ती पांढरीफटक पडली. रडत रडतच तिने दोन्ही व्हिडिओ काढून टाकले. काकांना जरा हायसं वाटलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या की आज सकाळीच त्यांच्या वन्संनी तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय, आणि वन्संना तो त्यांच्या विहीणबाईंकडून आलाय. म्हणजे इथून पुसला तरी तो फिरतच होता. एक्केचाळीस हजार घरांत जाऊन कुणाकुणाच्या पाया पडणार?

काकूंचं डोकं थंड. त्यांनी सरळ उपाय सांगितला. नवं लॅच घ्या, सिस्टरकडे जा, म्हणावं जुन्या लॅचमध्ये खोट निघाली आहे, फुकट बदलून देतो. बाईंना घोर नको आणि तुमचंही नाव जायला नको. ‘चाळीस वर्षांचं नाव आहे, अहो,’ त्या म्हणाल्या. काकांना ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं म्हणण्यापेक्षा त्यांनी ते घट्ट धरून ठेवलं.

निघण्याआधी त्यांनी सिस्टरना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. कोणी उचलेना. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ते निघाले आणि चालता चालता तिसऱ्यांदा लावला.

तो रस्ता त्यांच्या पायाखालचा होता, पण आज त्यावरची माणसं वेगळीच वाटत होती. जो तो फोनमध्ये मान खाली घालून उभा. थांब्यावरची बाई, दुकानाच्या पायरीवरचा माणूस, भिंतीला टेकलेला हेल्मेटवाला. यातल्या कोणाच्या फोनमध्ये ते हिरवं दार असेल, काय सांगावं. हेल्मेटवाल्याने वर बघितलं आणि विचारलं, काका, शेवटचं घर हेच का? त्यांनी त्यालाच उलट विचारलं, कशाला हवंय? तो वैतागला, हातातलं पार्सल दाखवलं, आणि शेजारच्या बिल्डिंगचं नाव सांगितलं. काकांनी त्याला रस्ता दाखवला आणि तो नजरेआड होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

हिरवं दार बंद होतं. काकांनी बेल दाबली, थाप मारली, हाका मारल्या. आतून काही नाही. त्यांनी खाली वाकून कुलपाचं तोंड पाहिलं. हाताने घासलेली नवी किल्ली घातली की कडेला बारीक ओरखडा उठतो. ओरखडा होता. आता ओरखडे कुठल्या कुलपाला नसतात? सिस्टरचा हात कापतो, त्यांच्याकडूनही उठला असेल. काका स्वतःला हे समजावत होते आणि दुसरीकडे पिशवीतून हत्यार काढत होते. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हत्यार कुलपात धड घालता येईना. दोनदा ते निसटून खाली पडलं.

तेवढ्यात आतून कडी निघाली. सिस्टर उभ्या, केस ओले, खांद्यावर टॉवेल. ‘अहो भाऊ, आंघोळ करत होते. केवढा तो धडाका,’ त्या हसून म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला, इतका की त्यांना दाराच्या चौकटीला धरावं लागलं.

सिस्टर खुशीत होत्या. त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता, एकदा नव्हे, चांगला दहा-बारा वेळा. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी, जुन्या पेशंटनी फोन केले होते. तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं की बाई, जिवंत आहात का, आणि आता रोज कोणी ना कोणी. त्या हे सांगत होत्या आणि काका मान डोलवत पिशवीतून नव्या लॅचचा खोका काढत होते. खोट निघाल्याचं वाक्य जिभेवर तयार होतं. त्यांनी ते अर्धं म्हटलंही.

सिस्टर म्हणाल्या, बरं झालं बाई, बदला. मग आपल्याच नादात पुढे म्हणाल्या की हल्ली डोकंही चालत नाही. परवा दुपारी गुडघ्याच्या तपासणीला गेले, जाताना आतल्या खोलीतला दिवा बंद केलेला पक्का आठवतो, आणि परत आले तर दिवा चालू. वय झालं, दुसरं काय.

काकांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. वाटलं, गप्प बसावं. वय झालं असेल खरंच. दिवा काय, माणूस विसरतो. पण परवा कोणी आत येऊन गेलं असेल तर? या बाईंना ते न सांगता नुसतं कुलूप बदलून आपण घरी जाऊन जेवायला बसायचं? त्यांच्याने ते होईना. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. किल्लीचे दात, फोटोवरून कशी कापतात, दुसरी बाजू कोणी मागितली, त्या नावाला चेहरा नाही, आणि दाराचा पत्ता कोणाच्या तोंडून गेला. शेवटचं सांगताना ते खाली बघत होते.

सिस्टर ओरडल्या नाहीत. कधी टाकला, कधी काढला, एवढंच त्यांनी विचारलं, पेशंटचा ताप विचारावा तसं. मग उठून त्यांनी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं, खण उघडले, पलंगाखाली वाकून पाहिलं. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या मोरीमागेही जाऊन आल्या. काही गेलेलं नव्हतं. त्याने काकांना आणखीच भीती वाटली. चोरायला आलेला चोरून जातो. काहीच न नेणारा परत यायचा विचार करून गेला असेल, किंवा आलाच नसेल, आणि यातलं खरं काय हे आता कधीच कळणार नव्हतं. सिस्टरनाही हे कळलं होतं. त्या परत आल्या तेव्हा त्यांनी मागची खिडकी लावून घेतली होती, आणि मगाशी हसणारा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

काकांनी लॅच बसवलं. चारदा उघडून, लावून पाहिलं. नव्या लॅचच्या तीन किल्ल्या पाकिटात बंद होत्या. ते पाकीट त्यांनी न फोडता सिस्टरच्या हातात दिलं. कोणाला देऊ नका, म्हणाले, शेजारीसुद्धा नको. सिस्टरनी पाकीट फोडलं, किल्ल्या मोजल्या आणि मुठीत धरल्या. काका पिशवी आवरून दाराशी गेले.

‘भाऊ,’ सिस्टर मागून म्हणाल्या. आवाज इतका हळू की काकांना वळावं लागलं. ‘रागावू नका. याची आणखी एखादी तुमच्याकडे नाही ना?’

हा प्रश्न काकांना आजवर कोणी विचारला नव्हता. ते परत आत आले आणि त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली. कानशी, चिमटे, स्क्रू, तेलाची कुपी. मग शर्टाचा खिसा, मग पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. रुमाल, चष्म्याचं घर, फोन, टपरीची किल्ली. त्यांना वाटलं, आता सिस्टर म्हणतील, अहो राहू द्या हो भाऊ, हे काय.

सिस्टरनी चष्मा लावला, टेबलावर वाकल्या आणि एकेक वस्तू बाजूला सारून नीट पाहू लागल्या.