सुटलेल्या जमिनीवरचा तंबू

आमच्या दिंद्रुडच्या घरात समुद्र आला तो भावाने गच्चीवर डिश बसवल्यावर. त्याआधी तो भूगोलाच्या पुस्तकात होता, आणि त्याचं आमचं काही देणंघेणं नव्हतं. डिश आली आणि दर जाहिरातीत माणसं किनाऱ्यावर पळायला लागली. साबण असो की बिस्किट, पळायचं किनाऱ्यावरच. भाकरी थापता थापता माय हात थांबवून बघायची, तवा तापून धूर निघाला तरी बघायची. एकदा म्हणाली, "एक रात निजावं तितं. नुस्तं बघून माघारी यायचं न्हाई. निजायचं."

मायने काही मागितल्याचं घरात कुणालाच आठवत नव्हतं. तिची सकाळ हापशावर जायची, उन्हाळ्यात दुपारसुद्धा. धरण आमच्याच तालुक्यात, पण त्याचं पाणी कालव्याने दुसऱ्यांच्या उसाला. आमच्या वाट्याला रांग.

अण्णांचं किराणा दुकान होतं. ते कुलूप लावून कुठे गेले असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बरेच दिवस विचार केला आणि जेवताना सांगून टाकलं, "जाऊ. पन एकदाच. काय इपरीत झालं की त्याच पावली माघारी, आन पुन्ना समुद्राचं नाव काढायचं न्हाई." माय लगेच हो म्हणाली. मला मात्र धडकी भरली. अण्णा शब्दाचे पक्के, आणि विपरीत कशाला म्हणायचं हे ठरवणारेही तेच.

मग जागा निवडायचा घोळ सुरू झाला. भाऊ पेपरच्या रंगीत पुरवण्या गोळा करून आणायचा आणि गल्ल्यासमोर पसरायचा. एका किनाऱ्यावर घोडे होते, उंट होता, पुण्या-मुंबईची गर्दी होती. अण्णा म्हणाले, जत्राच बघायची तर आपला नारायणगड काय वाईट हाय? दुसरीकडे सरकारी तंबू होते, आत पलंग आणि पंखा. ते ऐकून माय म्हणाली, पलंग तर घरी हाय. अण्णांची अट एकच, विहीर गोड पाण्याची पाहिजे. आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि खाऱ्या पाण्याने देवाला अंघोळ घालणार कोण? भावाला त्याची जीप थेट जाईल असा रस्ता हवा होता. मी तेव्हा बीडला बी.एड. करत होते, मला लाटा जाहिरातीतल्याएवढ्या हव्या होत्या. मायला विचारलं तर ती म्हणाली, "निजल्या जागंवरनं, तंबूच्या दारातनं दिसला पायजे. बास."

शेवटी भावाने एसटीडी बूथवरून कुणाकुणाला फोन करून कोकणातली एक जागा शोधली. किनाऱ्याला लागून सुरूची झाडं लावलेला बगीचा, मधे गोड पाण्याची विहीर, जवळ महादेवाचं देऊळ, आणि तंबू आपला आपण ठोकायला मोकळीक. मंडपवाल्या मित्राकडून त्याने तंबू आणला. अण्णांनी जीपमध्ये पाण्याचे कॅन भरले. समुद्राला निघालेल्या जीपमध्ये पिण्याचं पाणी भरणारी माणसं आम्हीच असू, असं मी म्हणाले. अण्णा म्हणाले, "उचलली जीभ लावली टाळ्याला. कॅन धर."

जीप सुरूच्या झाडांत थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. वाळूची उंच कड चढून आम्ही पलीकडे बघितलं. मी जाहिराती पाहिल्या होत्या, तरी मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. जाहिरातीतला समुद्र टीव्हीच्या चौकटीत मावायचा. याला चौकट नव्हती. डावीकडे संपत नव्हता, उजवीकडे संपत नव्हता, आणि समोर तर आभाळच त्याच्यात जाऊन बसलं होतं. अण्णांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. माय नुसती उभी होती, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी गच्च धरून.

पाणी तेव्हा बरंच लांब होतं. मधे लांबच लांब ओली, घट्ट, सपाट वाळू. झाडांत तंबू ठोकावा तर वाळूची कड आड येऊन समुद्र दिसत नव्हता, म्हणजे मायची अट मोडत होती. अण्णा खाली उतरले, टाचेने वाळू दाबून बघितली आणि खूश झाले. त्यांचं कारण सांगायला पाहिजे. दुकान पोटासाठी, पण अण्णांचा जीव गाळपेरीत. आमच्याकडे दिवाळीनंतर धरणाच्या फुगवट्याचं पाणी मागे सरकू लागतं, खालची गाळाची जमीन उघडी पडते, आणि माणसं पाण्याच्या मागोमाग बी टोचत जातात, काकडीचं, टरबुजाचं. पाणी गेलं की गेलं. पावसाळ्यापर्यंत ते मागे वळून बघत नाही. सुटलेली जमीन म्हणजे निर्धास्त जमीन, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. "लई नामी जागा सुटली हाय," अण्णा म्हणाले, आणि आम्ही तिघांनी मिळून तंबू थेट त्या ओल्या वाळूवर ठोकला. दार समुद्राकडे. बी.एड. करणाऱ्या मलाही भरती-ओहोटी आठवली नाही. ती मी परीक्षेत लिहिली होती, पण लिहिलेलं पायाखाली येतं असं कधी वाटलंच नव्हतं.

जेवणं झाल्यावर अण्णा आणि भाऊ देवळाकडे गेले. मी शिंपले वेचत खडकांपर्यंत लांब गेले. माय म्हणाली, मी हितंच बसते.

परत फिरले तेव्हा तंबू पाण्यात उभा होता. आधी मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा आहे. मग त्याची मंडपाची लाल-पिवळी झालर ओळखली आणि पळत सुटले. कडेवरून अण्णा आणि भाऊही पळत येत होते. भाकरीचं टोपलं तरंगत होतं. सतरंजी भिजून गोळा झाली होती. पिठाच्या डब्यात खारं पाणी. आणि तंबूच्या दारात माय बसली होती, पाय लांब सोडून, मांडीवरून पाणी येत-जात होतं. तिच्या तोंडाकडे बघून मी हाक मारायची विसरले. देवळात गाभाऱ्याचा पडदा बाजूला होताना माणसं असं तोंड करतात.

अण्णा धापा टाकत होते. "आगं, पानी कवा आलं?"

"हळूहळू आलं. आधी त्या काठीपाशी. मंग चुलीपाशी. मंग पायाशी."

"मंग हाक कावून न्हाई मारली? हातरून उचलायचं तरी!"

माय म्हणाली, "आवं, जलमभर आपुन पान्याकडं गेलो. हे आपल्या पायानं दारात आलं. त्याला काय म्हनून उठू?"

भावाने तरंगणारं टोपलं पकडलं. मी अण्णांकडे बघत होते. याहून विपरीत ते काय असायचं? पीठ गेलं, अंथरूण गेलं, निजायला कोरडी जागा नाही. आता म्हणतील, आवरा, जीपमध्ये बसा. मायने त्यांना बोल लावला नाही, विनवलंही नाही. तिने फक्त पाण्यावर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

अण्णा पाण्याकडे बघत होते. गाळपेरीची त्यांची सगळी अक्कल त्या पाण्याने गुडघ्यापर्यंत बुडवली होती, आणि त्यांना राग आला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीतीसारखं, पण भीती नव्हे असं काहीतरी दिसलं. कडेवर एक माणूस सुरूच्या काटक्या वेचत होता. अण्णांनी त्याला ओरडून विचारलं, हे पाणी परत जातं का? तो हसला. म्हणाला, "जाईल की. आणि पहाटे परत येईल. रोजचंच आहे त्याचं."

"रोज येतं," अण्णा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी धोतर वर खोचलं आणि मायच्या शेजारी पाण्यात बसले. भाऊ जीपच्या किल्ल्या हातात खेळवत म्हणाला, "आण्णा, मंग निघायचं का?"

"निघतो कुटं बे," अण्णा म्हणाले. "पहाटं पुन्ना येनार हाय म्हनं. दारात कुनीतरी नको का?"

पाणी उतरल्यावर आम्ही तंबू काढला आणि वाळूच्या कडेवर नेऊन उभा केला. दार मायने सांगितलं तसं, समुद्राकडे ठेवलं.