बारा शब्द सांगणार नाही

आमच्या घरात गुपित नावाची चीज कधी टिकली नाही. एटीएमचे पिन, विजेचं बिल, माझ्या रक्ताचा रिपोर्ट, वहिनीच्या माहेरच्या लग्नपत्रिका, सगळं फॅमिली ग्रुपवर. कुणाचं आधार कार्ड हवं असलं तर कपाट उघडायला नको, ग्रुपवर मागे मागे जायचं, सापडतंच. घरातल्या सगळ्या फोनांच्या लॉकला एकच नंबर, आमच्या घराचा. घरच्यांपासून काय लपवायचं, असं दादा म्हणतो. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून मीही इतकी वर्षं मान डोलावत आले.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; मी तिथल्या तुकोगंज भागात एका क्लिनिकमध्ये हिशेब बघते. पन्नाशी उलटली आहे. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणारे आता दमून गप्प बसलेत. मोठा भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर आईवडिलांच्या घरात राहते, आणि या घरात माझाही वाटा आहे हे मला अधूनमधून मोठ्याने म्हणावं लागतं. दादा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे. तो बँकेतून निवृत्त झाला आणि त्या दिवसापासून घर हीच त्याची शाखा झाली. माझ्या एफड्यांवर पहिलं नाव त्याचं, दुसरं माझं. एकदा मैत्रिणींबरोबर मेघालयला जायचं ठरलं म्हणून एक एफडी मोडायची म्हटली, तर त्याने चष्मा काढून विचारलं, "आत्ताच काय गरज आहे?" गरज नव्हती, हौस होती. पण हौस हे कारण त्याच्या बँकेत कधी चाललंच नसावं. मैत्रिणी जाऊन आल्या, फोटो दाखवले, आणि त्या फोटोंचा राग मला अजून येतो.

मला क्रोशाचा नाद आहे. नुसतं विणण्याचा नाही, नवे नमुने काढण्याचा. कुठला टाका कुठे, किती, पुढची ओळ कशी वळवायची, हे सगळं चित्रांसकट लिहून मी इंटरनेटवर विकते. परदेशातल्या बाया घेतात. त्यातली एक, लोकरीचं दुकान चालवणारी, माझी बांधलेली गिऱ्हाईक झाली. तिच्याकडून बँकेतून पैसे यायला फार वेळ लागे आणि वाटेत जो तो आपला वाटा कापून घेई. तेव्हा तिने विचारलं, डॉलरच्या भावाने चालणाऱ्या डिजिटल नाण्यात दिले तर चालतील का? मी आधी नाही म्हटलं. मग बरंच वाचलं, क्लिनिकच्या सीएला टॅक्सचं विचारून घेतलं, आणि मग हो म्हटलं.

ही नाणी ज्यावर घ्यायची त्या फोनातल्या क्रिप्टो वॉलेटचं नावच मुळी फसवं आहे. पाकिटात पैसे नसतात. पैशांची नोंद बाहेर असते, जगातल्या कितीतरी कॉम्प्युटरांवर एकाच वेळी. वॉलेटमध्ये असते ती फक्त किल्ली, आणि ती किल्ली म्हणजे सुरुवातीलाच दाखवलेले बारा साधे इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने. फोन हरवला, फुटला, पाण्यात पडला, तरी ते शब्द दुसऱ्या फोनात घातले की सगळं परत आपलं. दुसऱ्या कुणी घातले की सगळं त्याचं. मध्ये मॅनेजर नाही, तक्रारीची खिडकी नाही, मोठा भाऊ नाही. हे वाचून लोक घाबरतात म्हणे. मला तर ते वाचून फार बरं वाटलं.

माझं वॉलेट एकाच वेळी बऱ्याच नेटवर्कांवर, म्हणजे नोंदींच्या वेगवेगळ्या वह्यांवर, चालतं. मिसळणाच्या डब्यात जसे कप्पे असतात तसं. तेच नाणं या कप्प्यातही येऊ शकतं, त्या कप्प्यातही, आणि पैसे पाठवायचा पत्ता दोन्हीकडे सारखाच दिसतो. म्हणून पाठवणारीने आणि घेणारीने नेटवर्क आधी ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर मग शोधत बसा. पहिल्या वेळी मी तिला अगदी किरकोळ रक्कम पाठवायला लावली, ती नीट दिसल्यावरच बाकीची. तू माझ्या बँकेपेक्षा कडक आहेस, असं तिने लिहिलं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

घरात हे कळलं ते टॅक्सच्या कागदांवरून. ते माझ्या नावाने आलेले होते, म्हणजे अर्थातच दादाने उघडून वाचले. रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्याने विषय काढला.

"हे काय करून राहिली आहेस तू? सट्टा?"

"मजुरी आहे दादा. नमुन्यांचे पैसे आहेत."

"बरं. मग तो जो काय पासवर्ड असतो ना, बारा शब्दांचा, मी वाचलंय, त्याचा एक फोटो काढ आणि ग्रुपवर टाकून दे. सगळ्यांजवळ सेफ राहील."

मला हसूच आलं. ज्या गोष्टीचा फोटोसुद्धा काढू नये असं जिथे तिथे बजावलेलं असतं, ती आमच्या घरात सगळ्यात आधी ग्रुपवर जाणार होती. तिथे आतेभाऊ आहेत, त्यांच्या सुना आहेत, आणि एक नंबर असा आहे जो कुणाचा ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही.

"ते शब्द कुणालाच द्यायचे नसतात," मी म्हटलं.

"कुणालाच म्हणजे? मी काय कुणी पण आहे का?"

वहिनीने हळूच मध्ये तोंड घातलं. "तसं नाही वन्सं, पण उद्या तुम्हाला काही झालं तर?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. "मृत्युपत्र केलंय. शब्द कुठे ठेवलेत ते वकिलाकडच्या बंद पाकिटात आहे. मला काही झालं तर तुम्हाला कळेल. काही होईपर्यंत कळणार नाही."

दादा उठून गेला. नंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी दूध आलं आणि गॅस संपला याखेरीज बोलला नाही. त्या सकाळचं खोटं कशाला सांगू. याआधी या घरात मी त्याला तोंडावर नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. भीती वाटली. पण त्या भीतीच्या खाली एक आनंद होता, आणि तो मी कुणालाही सांगितला नाही, तेही पहिल्यांदाच.

शब्द तोवर कागदावर होते आणि कागद माझ्या कपाटात. पण माझं कपाट म्हणजे वहिनीच्या जुन्या साड्यांचंही कपाट, पाहुण्यांच्या चादरींचंही. शिवाय कागद तो कागदच, भिजतो, जळतो. म्हणून सियागंजच्या बाजारात जाऊन स्टीलच्या दोन जाड पट्ट्या घेतल्या आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे गेले. आमच्याकडे वाटी घेतली तरी तिच्यावर नाव घातल्याशिवाय ती घरात येत नाही. घरातल्या सगळ्या भांड्यांवर वडिलांचं नाव आहे, नव्या भांड्यांवर दादाचं. माझ्या पगारातून आलेल्या कुकरवरसुद्धा.

"नाम क्या डालना है, आंटीजी?" त्याने मशीनची पेन्सिल उचलत विचारलं.

"नाम नहीं डालना. मशीन इधर दो, मैं खुद लिखूँगी. और आप ज़रा उधर मुँह कर लो."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नवऱ्याला शिव्या कोरायला आले आहे. "हाथ में लग जाएगा, फिर मेरे को मत बोलना."

"नहीं बोलूँगी."

वापरायचं भाडं ठरवलं, तो पाठ करून चहा प्यायला बसला आणि मी त्या गुणगुणत्या पेन्सिलीशी झटापट केली. अक्षरं बालवाडीतल्यासारखी वेडीवाकडी आली, एक शब्द खोडून पुन्हा घालावा लागला. पण वाचता येतात. कोणते शब्द ते मी इथे सांगणार नाही, उदाहरणादाखलही नाही. एक पट्टी घरात आहे, एक घराबाहेर. कुठे, हेही विचारू नका; वकिलाकडच्या पाकिटातली चिठ्ठी तेवढी बदलली.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला दुपारी मी आडवी झाले होते. फराळाने आणि पाहुण्यांनी पाठ मोडली होती. संध्याकाळी दादाला ओवाळलं आणि त्याने तबकात एक चकचकीत खोका ठेवला. नवाकोरा फोन. त्याचा अबोला संपला होता आणि तो किती खूश होता ते त्याच्या कानांपर्यंत दिसत होतं.

"तुझा जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. दुपारी चार्जिंगला लावला होतास ना, तेव्हाच घेऊन गेलो. फोटो, नंबर, सगळं यात आणलंय. आणि जुना समोर बसून पुसून घेतला, मी काही कच्चा नाही."

मला विचारावं, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. फोन माझा, लॉकचा नंबर घराचा. मी तबक खाली ठेवलं आणि नव्या फोनात शोधलं. वॉलेट नव्हतं. असणार कसं?

"दादा, माझं वॉलेट पुसलंस तू."

त्याचा चेहरा खाडकन उतरला. लगेच त्याने दुकानवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा आवाज अगदी गोड होता. "अरे अंकलजी, टेन्शन मत लो. वो ऐसे ट्रान्सफर नहीं होता. आंटीजी के पास बारह शब्द होंगे, वो बोल दो, मैं यहीं से चालू करवा देता हूँ. दो मिनट का काम है."

"सांग गं त्याला," दादा म्हणाला.

"नाही."

"अगं, माझ्या ओळखीचा आहे तो!"

"असू दे. त्याला नाही, तुला नाही, कुणालाच नाही." मी त्याच्या हातातला फोन घेऊन बंद केला. दुकानवाला चोर होता असं मी म्हणत नाही. सोनारही चोर नसतो, तरी बांगडी आटवताना आपण समोरून हलत नाही.

"मग गेले ना सगळे पैसे?" दादाचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "माझ्या हाताने गेले. ओवाळणीच्या दिवशी. आता तरी हट्ट सोड, त्या मुलाला काम येतं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याची दया आली. दया आली म्हणून शब्द द्यायचे, हेच तर मी आयुष्यभर केलं होतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून पहिलं नाव त्याचं, त्याला वाईट वाटू नये म्हणून मेघालय रद्द. मी नवा फोन उचलला आणि माझ्या खोलीत गेले. तो मागोमाग आला, त्याच्या मागे वहिनी.

"दोघंही बाहेर जा," मी म्हटलं.

"मी? बाहेर?"

"हो. आणि मी आतून कडी लावते आहे."

तो उंबऱ्यात उभा राहिला. मीही उभी राहिले. शेवटी वहिनीने त्याचा दंड धरला आणि तो गेला. मी कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला आणि जागेवरून पट्टी काढली. वॉलेटचं नाव शोधल्यावर सगळ्यात वर एक जाहिरात आली, तेच चित्र, तोच रंग, नावात एक अक्षर जास्त. तिला हातही न लावता मी वॉलेट बनवणाऱ्यांच्या साइटवर गेले आणि तिथून घेतलं. एकेक शब्द बघून घातला, क्रम पुन्हा पडताळला, बटण दाबलं.

शून्य.

क्षणभर वाटलं, दादाचंच बरोबर होतं. बायकांनी या भानगडीत पडू नये, हे त्याने न म्हटलेलं वाक्यसुद्धा मला ऐकू आलं. मग माझं मलाच मी झापलं. पत्ता बघ आधी. पत्ता माझाच होता. म्हणजे किल्ली बरोबर, कप्पा चुकला. गिऱ्हाईक पैसे पाठवायची ते नेटवर्क या नव्या फोनात अजून बंदच होतं. यादीत जाऊन ते चालू केलं. चक्र थोडा वेळ फिरलं, आणि माझे सगळे नमुने, सगळे टाके, रुपये झाले नव्हते तरी पैसे होऊन समोर आले. मी पलंगावर बसून रडले, तोंडावर उशी धरून, कारण बाहेर दोघं दाराला कान लावून होते.

"आले का गं?" दादाने विचारलं.

"आले."

"सगळे?"

"सगळे."

त्याचा सुटकेचा श्वास मला दारातून ऐकू आला. मग थोडं थांबून, खास त्याच्या शाखेच्या आवाजात, "किती आहेत?"

"माझे आहेत तेवढे," मी दार न उघडता म्हटलं.