डोळा लागला होता

त्या गल्लीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. चाळीस वर्षं एकाच खिडकीशी बसून तिने लोकांचे कपडे शिवले, आणि तेवढ्या वर्षांत तिच्या ओठांत टाचण्या नसताना तिला पाहिलेली माणसं फार थोडी. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, ही गुडघ्यांवर बसून कड दुमडतेय, तोंडात चार-पाच टाचण्या. अशा बाईशी बोलायचं म्हणजे आपणच बोलायचं. ती नुसती "हूं" म्हणे. त्या हूंचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावा. नवऱ्याने बिऱ्हाड या गल्लीत आणायचं ठरवलं तेव्हा हूं. लेकीने आपलं लग्न आपणच जमवून आणलं तेव्हाही हूंच. घरातले सगळे मोठे निर्णय तिच्या तोंडात टाचण्या असतानाच झाले असावेत.

कामात मात्र ती भलती हट्टी होती. शिवणीत दोन बोटं माया सोडल्याशिवाय कात्री चालवायची नाही. आतल्या बाजूला दुमडून ठेवलेलं ते जास्तीचं कापड, पुढे माणूस जाड झालं की उसवून वाढवायला. कुणी म्हणालं, "बाई, एवढी माया कशाला? फुगीर दिसतं," की ती त्याचं कापड घडी करून परत द्यायची. तिच्या हातचे कपडे माणसांपेक्षा जास्त टिकत, असं गल्लीत गमतीने म्हणत.

तिच्या मशीनच्या वर भिंतीला एका कापडदुकानाचं जुनं कॅलेंडर होतं. वर्ष कधीच संपलेलं, पान मात्र तेच. दोन उभे कडे, त्यांच्यामधून अरुंद पाणी, पाण्यात एक पांढरी बोट, आणि कड्यांवरून खाली येणारे धबधबे. ते पान तिने कधी उलटलं नाही. लहानपणी लेकीने विचारलं होतं, "आई, ही जागा खरी आहे?" तेव्हा मात्र टाचण्या काढून ती म्हणाली होती, "खरी असणार. खोटी असती तर त्यांनी आणखी चांगली काढली असती."

ही लेक पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचा फोन घ्यायची. दिवसाकाठी शंभरेक माणसं तिच्यावर ओरडत, आणि ती प्रत्येकाला त्याच सुरात म्हणे, "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफी असावी." घरी येईपर्यंत माफीचा सगळा साठा संपलेला असायचा. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. साधा, हसरा माणूस, पण बाळ रडायला लागलं की त्याला नेमकं कुठल्यातरी इमारतीतून बोलावणं यायचं.

बाळ नऊ महिन्यांचं. आजीने तिचं नाव पाडलं होतं बटण, कारण ती हाताला लागेल ते बटण तोंडात घालायची. लेकीची रजा संपत आली होती. नऊ महिन्यांत ती सलग तीन तास झोपली नव्हती, दोन्ही हात रिकामे ठेवून जेवली नव्हती, आणि आरशात पाहायचं तर तिने सोडूनच दिलं होतं. तशात जावयाने बोटीच्या सहलीचं पत्रक आणलं. सात दिवस, डोंगरांमधून, खाड्यांमधून. पाचव्या दिवसाच्या पानावर हुबेहूब कॅलेंडरातलीच जागा छापलेली. पत्रकात खाली बारीक अक्षरात हेही होतं, की बोटीवरच्या पाळणाघरात तीन वर्षांखालचं मूल घेत नाहीत.

लेक त्याच संध्याकाळी आईकडे गेली. आई कुणाच्या तरी कोटाची कड टाचत होती.

"आई, बघ, तुझं चित्र! आपण सगळे जाऊया. तू, मी, हे आणि बटण. तुला दाखवायचंच आहे मला."

"हूं."

"आणि बाळाला थोडं बघशील ना? आम्हालाही जरा मोकळं फिरता येईल."

"हूं," आई म्हणाली. दोन्ही हूं कानाला सारखेच लागले. पहिलं कारण खरं की दुसरं, हे लेकीने तेव्हा स्वतःला विचारलं नाही. पुढे अनेकदा विचारलं.

बोटीवर बाळ नेणं म्हणजे बिऱ्हाड नेण्यासारखंच. बाबागाडी केबिनच्या दारातून आत जाईना, ती घडी करून पलंगाखाली कोंबावी लागली. पाणी उकळायची किटली चढतानाच काढून घेतली, म्हणून दुधाच्या पाण्यासाठी रोज चार वेळा केबिन झाडणाऱ्या माणसाची मनधरणी. आंघोळ हात धुवायच्या बेसिनमध्ये. नवराबायकोची खोली खिडकीची, आजी आणि बटण समोरच्या आतल्या खोलीत. तिथे खिडकी नव्हती. छताजवळ एक स्पीकर होता, त्यातून दिवसभर एक बाई गोड आवाजात सांगायची, की आता डाव्या हाताला अमुक दिसत आहे आणि उजव्या हाताला तमुक.

"आई, अंधारी नाही ना वाटत?" लेकीने पहिल्या दिवशी विचारलं.

"छे गं. बाळाला झोप चांगली लागते. तुम्ही जा, फिरा."

आईने जा म्हटलं की जायचं, ही त्या घरातली जुनी पद्धत. लेक गेली. आजीला समुद्र दिसला तो जेवायला जाता-येता. एकदा ती नातीला कडेवर घेऊन वर उन्हात बसलीसुद्धा, पण बटणने शेजारच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यावर झडप घातली आणि वरात पुन्हा खाली आली. त्यावरून ती दोन दिवस हसत होती. पाचव्या दिवसाबद्दल मात्र ती रोज एकदा विचारून घ्यायची, "ते पाचव्या दिवशीच ना? किती वाजता?"

पाचव्या दिवशी सकाळी बटणचं नाक गळायला लागलं, अंग कोमट. बोटीवरच्या नर्सने कानात दिवा घालून पाहिलं आणि बजावलं, की आज बाळाला वाऱ्यात नेऊ नका. मग वाटणी ठरली. बोट दुपारी तीनला त्या घळीत शिरणार, पाचला बाहेर पडणार. पहिला तास लेकीने वर जाऊन बघायचं. चारला तिने खाली येऊन बाळाजवळ बसायचं आणि आईने वर जायचं. जावई त्याचा कॅमेरा घेऊन केव्हाच बोटीच्या टोकाला जाऊन उभा राहिला होता. त्याला लेकच म्हणाली होती, "तुम्ही थांबा, चारला मी खाली जाते."

"चारला नक्की ना?" आईने विचारलं.

"अगं नक्की. तू तयार राहा."

डेकवर लेक कठड्याला टेकून उभी राहिली. दोन्ही बाजूंना कडे वर चढत गेले. लोक बोलायचे थांबले. वारा असा, की डोळ्यांतून पाणी यावं. तिच्या खांद्यावर कुणी नव्हतं, कपड्याला कुणी लोंबकळत नव्हतं, दोन्ही हात रिकामे. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिला आपलं शरीर आपलं वाटलं. चारची घंटा झाली ती तिने स्वच्छ ऐकली. आईची आठवणही झाली. ती मनात म्हणाली, पाच मिनिटं. मग आणखी पाच. मग बोट त्या चिंचोळ्या जागेत हळूहळू वळायला लागली, आणि तिने घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं. हो, ठरवलंच. विसरली असती तर पुढची सहा वर्षं तिला एवढी जड गेली नसती.

कडे मागे पडले तेव्हा सव्वापाच झाले होते. खालच्या मजल्याच्या बोळातून चालताना तिच्या डोक्यात सबबी फिरत होत्या. दार उघडलं. आई पलंगाच्या कडेवर बसली होती. ठेवणीतला कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पायात बूट. डोक्याला रुमाल. बाळ शेजारी गाढ झोपलेलं. आईचे डोळे दाराकडे लागलेले होते, आणि लेकीच्या तोंडून निघालं, "आई गं, खुर्चीत डोळाच लागला माझा!"

आईने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं. तुझी झोप कुठे होतेय हल्ली." खाली वाकून ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली. एक बूट काढून झाल्यावर तिने विचारलं, "परत जाताना बोट तिथूनच जाते का गं?"

"नाही आई. दुसरीकडून जाते."

"बरं," ती म्हणाली आणि दुसरा बूट काढला.

माफी मागायची ती वेळ होती. दिवसाला शंभर वेळा मागणाऱ्या बाईला ती एकदा मागता आली नाही. खोटं सांगून झाल्यावर माफी तरी कशाची मागणार? झोपेची?

सहलीहून परतल्यावर आठवड्याभरात लेक आईकडे गेली, तर खोलीत गिऱ्हाईक होतं, कोपऱ्यावरची बेकरीवाली. आई टाचण्या काढून चक्क बोलत होती. "सात धबधबे. डाव्या हाताला चार, उजव्या हाताला तीन. उजवीकडचा मधला सगळ्यात उंच. आणि बोट वळते ना, ती स्वतःच्या लांबीएवढ्या जागेत वळते. एवढी मोठी बोट, पण जराही घासत नाही."

"डोळ्यांचं पारणं फिटलं असेल," बेकरीवाली म्हणाली.

"तर काय. लेकीने नेलं म्हणून."

लेक दारातच उभी राहिली. ते आकडे, ते डावे-उजवे हात, स्पीकरमधल्या बाईचे होते. आईने अंधाऱ्या खोलीत कोट घालून बसून ते पाठ केले होते. आता त्यावरच ती लेकीचं कौतुक गल्लीभर करत होती. लेकीला वाटलं, पुढे होऊन सांगावं. पण काय सांगणार, आणि तेही बेकरीवालीदेखत? ती आत जाऊन चहा ठेवायला लागली.

त्यानंतर ती आईसाठी काय काय करत राहिली. मशीनला मोटर बसवून दिली, गरम पाण्याची सोय केली, दर वर्षी पत्रकं आणली. "आई, पुन्हा जाऊ. या वेळी खिडकीची खोली." पहिल्या वर्षी आईकडे शाळेच्या गणवेशांची घाई होती. दुसऱ्या वर्षी गुडघे. मग छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी प्रवासाचं नावच काढू नका म्हणून सांगितलं. लेकीने ती पत्रकं रद्दीत टाकली. त्या दिवशी ती कचेरीत एका तक्रारदारावर कधी नव्हे ते ओरडली.

बटण सात वर्षांची झाली. शाळेच्या नाटकात तिला ढगाचं काम मिळालं होतं, त्याचा झगा आजी शिवत होती. दुपारची वेळ. बटण स्टुलावर उभी, आजी खाली बसून कड टाचत होती, लेक खुर्चीत.

"आजी, मी बोटीवर होते तेव्हा काय करत होते?"

"झोपा काढत होतीस," टाचण्यांमधूनच आजी म्हणाली.

"आणि आई?"

"ती पण झोपली होती बिचारी. फार दमली होती."

त्या "बिचारी"ने लेकीचा बांध फुटला. तिने बटणला झगा काढून गॅलरीत खेळायला पिटाळलं, दार लोटलं, आणि आईसमोर जमिनीवर बसली.

"आई, मी झोपले नव्हते. त्या दिवशी. वर उभी होते, जागी. चार वाजलेले मला कळले होते. तू वाट बघतेयस हेही माहीत होतं. तरी आले नाही. मला यावंसं वाटलं नाही." तिला रडू आवरेना. "मी चुकले गं. सहा वर्षं बोलायचं म्हणतेय."

आईने एकेक करून टाचण्या काढल्या.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"कसं?"

"गाल वाऱ्याने लाल झालेले, केसांचं जंगल. खुर्चीत झोपलेलं माणूस असं दिसतं होय? आणि राग तर मला आलाच होता. चांगला आला होता. रात्रभर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू झोपले होते म्हणालीस ना. मग मी काय बोलणार?" आईने झग्याची कड गुडघ्यावर सरळ केली. "राग गेला गं. दुसऱ्या दिवशीच गेला. नऊ महिने तुझी काय दशा होती ते मी बघत नव्हते का? पण एक मात्र मनात राहिलं. तू पाहून आले असं म्हणाली असतीस, तर मी तुला विचारलं असतं, कसं होतं म्हणून. तिथल्या तिथे, ताजं ताजं. तू मला सगळं सांगितलं असतंस. लहानपणी शाळेतलं सांगायचीस तसं. तू झोपले होते म्हणालीस, आणि माझं विचारायचंच राहिलं."

बाहेर बटण कठड्याच्या गजावर चमचा वाजवत होती.

"आता सांग," आई म्हणाली. तिने मशीनला पाठ टेकली, पाय पसरले, हातातलं काम बाजूला ठेवलं. "आहे वेळ. कसं होतं?"

लेकीने डोळे पुसले. आठवायला लागली. "दोन्ही बाजूंना उंच कडे होते. डाव्या हाताला चार धबधबे, उजव्या हाताला तीन... मधला सगळ्यात उंच..." आणि ती थांबली. हे आईचं होतं. हे तिने याच खोलीत, गिऱ्हाइकांच्या पाठीमागे उभं राहून वीसदा ऐकलं होतं. स्वतःचं काही सापडतंय का म्हणून तिने पुन्हा डोळे मिटले. पाण्याचा रंग? कडे काळे होते की हिरवे? इतकी वर्षं तो तास आठवायला लागला की ती तिथून पळ काढत आली होती, थेट खालच्या मजल्यावर, त्या खोलीच्या दारापाशी. तेवढं दार तिला लख्ख आठवत होतं.

"सांग की," आई म्हणाली. "हळूहळू सांग. मला कुठे जायचंय?"