कुलपाबाहेर राहिलेली नावं

आमची मुलगी एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेली. त्यानंतर मी रोज दुपारी कॉम्प्युटरवर तिचे फोटो बघत बसायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माउस हलवणं आणि फोटोवर दोनदा टकटक करणं एवढंच मला येत होतं. नवऱ्याने प्रत्येक फोटोला मराठीत नाव दिलं होतं, मला वाचता यावं म्हणून.

एकदा डाळ करपून घरभर धूर झाला. हे बाहेरून आले आणि कडाडले, "घर जाळशील एक दिवस! पोरगी काय त्यातनं बाहेर येणाराय?"

"तुमचं काय जातंय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोटो जागेवर नव्हते. सगळे दाबून त्यांनी एकच फाइल केली होती. तिला झिप म्हणतात. उघडायला पासवर्ड. "रविवारी जेवण झालं की मी दाखवीन," म्हणाले. दाखवायचेही. पण माउस माझ्या हातात कधी दिला नाही. पासवर्ड विचारला की म्हणायचे, "तिला हाक मारायचो तोच." हे मालवणकडचे, लेकीला 'बाय' म्हणायचे. सात वर्षं मी त्या कुलपावरून भांडले. मागच्या वर्षी हे भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि रस्त्यातच कोसळून गेले.

नंतर घाटकोपरहून पुतणी आली. तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"काकी, काका 'बाय' इंग्रजीत कसं लिहायचे गं?"

"मला काय ठाऊक? मी ऐकलंय, वाचलंय कुठे?"

तिने चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहिलं, पुढे जन्मसाल जोडून पाहिलं. चूक.

"दुकानात नेऊन फोडून आणू या."

"दरवाजाचं कुलूप नाही ना ते, काकी. आतल्या फोटोंचाच गुंता करून ठेवलाय. पासवर्डशिवाय तो सुटत नाही." मग म्हणाली, "पण नावं दिसतायत बघ. कुलूप फोटोंना लागलं, नावं बाहेरच राहिली. काकांच्या लक्षात आलं नसणार."

मी चष्मा लावून वाचत गेले. पहिला दात. शाळेत जाताना रडली. वर्सोव्याला चप्पल वाहून गेली. आईवर रुसली. कशावरून रुसली होती ते आठवेना.

सगळ्यात खाली होतं: हॉस्पिटल, शेवटचा दिवस. हिला दाखवू नये.

त्या दिवशी मी पेज आणायला घरी आले होते. डबा घेऊन पोचेपर्यंत ती गेली होती. तेवढ्या वेळातला हा फोटो, मी कधी न पाहिलेला; कुलूप लावतानाच यांनी आत ठेवला असणार. म्हणजे कुलपाला डाळीचं निमित्तच होतं. यांनी माझी एवढी बोलणी खाल्ली, पण तोंड उघडलं नाही. मला दया आली नाही, रागच आला. मी आई. बघायचं की नाही ते मी ठरवलं असतं.

पुतणीने वहीत इंग्रजी अक्षरं काढून दिलीत. रोज दुपारी एका बोटाने एक स्पेलिंग टाकते. शेवटची कळ दाबताना बोट थोडं थांबतं. मग दाबते. चूक येतं. चूक आलं की आधी मला सुटल्यासारखं वाटतं, हे पुतणीला सांगितलेलं नाही. मग त्या स्पेलिंगवर काट मारते आणि डाळीखालचा गॅस बारीक करायला उठते.