उबदार हातांची काशी

काशी गेल्याची बातमी मला देवपुरातल्या भाजीवालीनं दिली. मी वांगी निवडत होते. "बाई, तुमले कळनं का? काशीबाई गयात जळगावले," असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "आते मन्ही सूननं बाळंतपण कोन करी?" मीही नर्स आहे हे तिला ठाऊक होतं. तिच्या थोरल्या सुनेची सुटका मीच केली होती. पण त्या घटकेला ते तिच्या मनातसुद्धा आलं नाही. माझी मैत्रीण गेली होती, आणि हातात वांगी घेऊन उभ्या असलेल्या मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं... आज महिना उलटल्यावर तिच्याविषयी लिहायला बसले आहे, तर ते लपवून कशाला लिहू?

धुळ्याच्या दवाखान्यात आम्ही दोघी बरोबरच शिकलो. काशी दिसायला देखणी, बोलायला गोड, हिशेबी डोक्याची. मी या सगळ्यात मागे. पण एका बाबतीत मी तिच्या पुढे होते. माझे हात मुळातच गरम. पौषातल्या सकाळी, बादलीतल्या पाण्याला हात लावू नये असं वाटे तेव्हाही, माझे तळवे भाकरीसारखे ऊन असायचे. काशीचे मात्र बर्फ. तिनं पोटाला हात लावला की अडलेली बाई अंग चोरायची, नवं मूल दचकून किंचाळायचं. आमच्या मेट्रनबाई सर्वांदेखत म्हणायच्या, "काशी, तू बाजूला हो. सुभद्राला हात लावू दे." ते ऐकायला मला किती गोड वाटायचं म्हणून सांगू! माझ्याकडे तेवढंच तर होतं.

मग लढाईच्या आधी एका हिवाळ्यात तिचा भाऊ दामू बोटीवरच्या नोकरीतून सुटीवर आला आणि तिच्यासाठी जपानी डबी घेऊन आला. तळहाताएवढी, चपटी, चकचकीत, वर मखमली पिशवी. आत कापूस भरलेला. त्यावर तेल ओतायचं, वरच्या जाळीला काडीची आच क्षणभर दाखवायची, की ज्योत न दिसता डबी दिवसभर ऊन राहायची. काशी ती पोलक्याच्या खिशात ठेवायची आणि पेशंटच्या दारात पोचेपर्यंत हात तिच्याभोवती गुंडाळायची. पहिल्या दिवशी तिनं माझा हात धरून विचारलं, "सुभे, आता बघ, कसा वाटतो?" तिचा हात माझ्याइतकाच ऊन होता. "छान," मी म्हटलं. अख्खा दिवस मला जेवण गेलं नाही.

दामूनं दिलेलं तेल संपलं तेव्हा मला वाटलं, संपलं एकदाचं. पण काशी हार मानणारी नव्हती. दवाखान्यातलं स्पिरिट घालून पाहिलं, डबी ऊन होईना. घासलेट घातलं, तर जाळी काळी पडली आणि बाळंतिणीच्या खोलीत असा वास सुटला की सासूनं दोघींना अंगणात काढलं. शेवटी जळगावच्या एका औषधाच्या दुकानात रेशमी शालूंवरचे डाग काढायचं बेंझिन मिळालं, तेच त्या डबीला मानवलं. ते नसलं तर मोटारीचं पेट्रोल, पण तेही स्वच्छच हवं. कागदावर एक थेंब टाकायची, फुंकर न घालता सुकू द्यायची. डाग न राहता उडून गेला तर चांगलं. तेलकट कडं उरलं, की बाटली परत.

पारोळ्याहून आम्ही बैलगाडीनं खेड्यांतल्या सुइणींना भेटायला निघालो होतो, तेव्हाची गोष्ट. सकाळचा वारा अंगाला कापत होता. डबी रिकामी होती. मोटार तळावर काशीनं एका ड्रायव्हरकडून पेट्रोल मागून घेतलं, कागदावर टाकलं, कडं उमटलं. तिनं नाही म्हटलं. "अगं, एवढे काय नखरे! घाल की," मी वैतागून म्हणाले. "जाळी एकदा गेली की पुन्हा मिळायची नाही, सुभे." दुसऱ्या गाडीचं पेट्रोल स्वच्छ निघालं. चहावाल्याच्या शेगडीपासून लांब, मोकळ्या जागी जाऊन तिनं ते जेमतेम भरलं, सांडलेलं पुसलं, वास जाईपर्यंत थांबली, मग काडी लावली. बैलगाडीवाला ताटकळून वैतागला.

वाटेत कपाशीच्या शेतातून एक माणूस धावत आला. त्याची बायको वेचणी करताकरता कळा येऊन बांधावरच बसली होती, दिवस पुरे भरलेले नव्हते. आडोसा म्हणून बायकांनी लुगडी धरली. काशीनं हात डबीवर शेकले आणि कामाला लागली. मुलीच्या गळ्याभोवती नाळेचे वेढे होते. थंडीनं आखडलेल्या बोटांनी ते कुणालाही सुटले नसते. काशीनं ते सोडवले, हे मी मान्य करते. पण बाहेर आलेली पोर मुठीएवढी, निळसर, गार. कुणीतरी म्हणालं, ती डबी तिच्या पोटाशी ठेवा. "नको, कातडी भाजेल," काशी ओरडली, "सुभे, तू घे!" मी पोर चोळीच्या आत छातीशी धरली, वरून घोंगडी घेतली आणि दुपारपर्यंत हललेसुद्धा नाही. तिथंच तिचा रंग पालटला. तिचं पहिलं रडणं माझ्या हनुवटीखाली फुटलं.

आणि पंचक्रोशीत बोभाटा काय झाला? "काशीबाईनी डबीवरी पोर वाचनी!" मुलीचं नावही काशी ठेवलं. काशी प्रत्येकाला सांगायची, "अहो, नाही! हिनं वाचवली, हिच्या अंगच्या उबेनं." लोक हसून माना हलवायचे, आणि बाईंना गर्व म्हणून नाही, असं म्हणून तिला आणखी मोठी करायचे. ती खोटं बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं...

लढाईत पेट्रोल कूपनावर गेलं, बेंझिन दिसेनासं झालं, आणि जाळीही थकली. तरी बोलावणी तिलाच यायची. पुढे छातीचं दुखणं लागलं म्हणून दामू तिला जळगावला घेऊन गेला; ती बरी होऊन परत येईल, असंच सगळे धरून होते. शेवटचं भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मी तुझा फार हेवा केला गं. तू नुसती यायचीस आणि हात लावायचीस. मला आधी दारोदार बाटली घेऊन फिरावं लागायचं." हेवासुद्धा तिनंच माझ्याआधी बोलून दाखवला होता.

परवा त्या भाजीवालीकडूनच बोलावणं आलं. धाकटी सून पहिलटकरीण, घाबरलेली. पहाटेचा गारठा होता. मी तिच्या पोटावर हात ठेवला, तशी तिनं डोळे मिटले, अंग सैल सोडलं आणि म्हणाली, "तुमना हात गरम शेतस, बाई."

कोपऱ्यात पाणी तापवत बसलेल्या सासूनं वळूनही न बघता म्हटलं, "काशीबाईना बी आसाच व्हतात. देवनी देन व्हती ती."

मी तोंड उघडलं. मग त्या पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "हो, असेच होते."